बाण कापायची घाई करू नका: रिकर्व्हसाठी अ‍ॅल्युमिनियमचे बाण

संध्याकाळी मैदानावर कुणाचे तरी आई-बाबा बाणांचा नवा कोरा पुडा घेऊन येतात आणि विचारतात, "काका, हे आणलेत. चालतील ना?" मी आधी बाणावरचा आकडा बघतो, मग पोराकडे. बऱ्याचदा दोघांची गाठ पडलेली नसते. त्याहून वाईट म्हणजे दुकानातच "मुलाच्या मापाने" कापून आणलेले बाण. कमी लांबीचा बाण वाढवून द्यायचं यंत्र अजून कुठल्याच वर्कशॉपमध्ये आलेलं नाही.

मी पेशाने टर्नर. दिवस साताऱ्याच्या एमआयडीसीत लेथवर जातो आणि संध्याकाळी पोरांचे बाण जुळवून देतो. त्यामुळे इथे थाऊ आणि सूत ही मापं येतील. इंचाचा हजारावा भाग म्हणजे थाऊ, आठवा भाग म्हणजे सूत.

आधी एक गैरसमज काढू. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला आपली आदिती स्वामी सतराव्या वर्षी जागतिक विजेती झाली आणि साताऱ्यातल्या घराघरांत धनुष्याचा विषय निघाला. पण आदितीचं धनुष्य कंपाउंड. त्याला चाकं असतात आणि दोरी बोटांनी नाही, रिलीजने, म्हणजे हातात धरायच्या खटक्याने सुटते. त्याच वर्षी जुलैमध्ये लिमरिकला एकवीस वर्षांखालच्या गटात सोनं घेणारा पार्थ साळुंखे आणि फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, टोकियो ऑलिंपिक खेळलेला प्रवीण जाधव हे रिकर्व्हवाले, म्हणजे टोकं पुढे वळलेलं, बिनचाकांचं धनुष्य बोटांनी खेचणारे. दोन्ही धनुष्यांत बाण सुटण्याची रीतच वेगळी आहे. म्हणून "त्या ताईंचे बाण कुठल्या नंबरचे?" असं विचारून रिकर्व्हसाठी खरेदी करू नका.

दुसरा प्रश्न कार्बनचा. ७० मीटरवर कार्बनला तोड नाही. तो हलका आणि बारीक, वारा कमी खातो. पण पहिल्या दीड-दोन वर्षांत पोरगं १० ते ३० मीटरवर असतं, आणि तिथे अ‍ॅल्युमिनियमच बरा. एकाच नंबरचे बारा बाण वजनाला आणि जाडीला एकसारखे निघतात. वाकला तर डोळ्यांना दिसतो. कार्बनची भेग आतल्या आत राहते आणि एखाद्या दिवशी धनुष्यावरच फुटते. वजन जास्त म्हणून बाण सावकाश जातो, पण धनुष्याला झटका कमी बसतो. खर्चही कमी, आणि गवतात हरवला तर घरी कमी बोलणी.

आकडा वाचायचा कसा

बाणावर १६१६, १७१६, १८१६ असं काहीतरी छापलेलं असतं. आम्ही त्याला सोळा-सोळा, सतरा-सोळा म्हणतो. पहिले दोन अंक म्हणजे नळीचा बाहेरचा व्यास, इंचाच्या चौसष्टाव्या भागांत. पुढचे दोन अंक म्हणजे नळीच्या भिंतीची जाडी, थाऊमध्ये. म्हणजे १६१६ चा व्यास १६/६४, बरोबर पाव इंच, दोन सूत, ६.३५ मिलिमीटर; भिंत १६ थाऊची, ०.४ मिलिमीटरच्या आसपास. वर्नियर लावून बघा, पटेल.

यावरून बाणाचा ताठपणा कळतो. तिरंदाज त्याला स्पाइन म्हणतात. २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर बाण ठेवायचा, मधोमध १.९४ पाउंडांचं (सुमारे ८८० ग्रॅम) वजन टांगायचं आणि किती वाकला ते मोजायचं. १५१६ वाकतो १.४०३ इंच, १६१६ वाकतो १.०७९, १७१६ वाकतो ०.८८०, १८१६ वाकतो ०.७५६ आणि १९१६ वाकतो ०.६२३. वाकण्याचा आकडा लहान तितका बाण ताठ.

आता वाकण्याशी आपला संबंध काय? बोटांवरून दोरी सुटताना सरळ पुढे जात नाही, थोडी बाजूला घसरून मग जाते. मागून असा तिरका धक्का बसला की बाण माशासारखा वळवळत रायझरला (धनुष्याचा मधला, हातात धरायचा भाग) वळसा घालून निघतो. हा वळसा धनुष्याच्या जोराला साजेसा हवा. बाण फार ताठ असेल तर वळत नाही आणि उजव्या हाताने खेचणाऱ्याचा डावीकडे जातो. फार मऊ असेल तर जास्त वळतो आणि उजवीकडे जातो. डावखुऱ्यांनी या लेखातलं डावं-उजवं उलट धरावं.

आधी मुलाचं माप, मग दुकान

लिंब म्हणजे धनुष्याची वरची-खालची वाकणारी पाती आणि खेच म्हणजे दोरी किती मागे ओढतो ते अंतर. लिंबवर लिहिलेले पाउंड, म्हणजे ओढायला लागणारा जोर, २८ इंच खेचीचे असतात. माझ्या पुतणीची खेच होती २६ इंच आणि लिंबवर लिहिलेलं २४. प्रत्येक इंचाला साधारण दोन पाउंडांचा फरक पडतो, म्हणजे तिच्या बोटांवर खरे येत होते २०. यावर विश्वास नसेल तर सामान मोजायचा हुकवाला डिजिटल काटा दोरीत अडकवा आणि मुलाच्या खेचीइतकं ओढा. काटा ९ किलो दाखवत असेल तर ते जवळपास २० पाउंड. बाण निवडायचा तो या आकड्यावर, लिंबवरच्या नाही.

खेच मोजायला हलकं धनुष्य आणि एक लांब बाण घ्या. मुलाने नेहमीसारखं हनुवटीखाली हात लावून पूर्ण खेचलं की दुसऱ्याने रायझरच्या पुढच्या कडेपाशी बाणावर स्केच पेनने खूण करायची. दुसरा म्हणजे बाजूला उभा राहणारा. धनुष्याच्या पुढे कुणीही उभं राहायचं नाही, खूण करायलाही नाही. तीनदा मोजा. पोरं पहिल्यांदा छाती फुगवून जास्त खेचतात.

नॉक म्हणजे बाणाच्या शेपटाला दोरीत अडकणारा तुकडा, पॉइंट म्हणजे पुढचं टोक. बाणाची लांबी नॉकच्या खाचेपासून नळीच्या टोकापर्यंत मोजतात, पॉइंट सोडून. मोठ्या माणसाला खुणेपेक्षा एक इंच जास्त ठेवा. वाढत्या मुलाला दोन ते तीन इंच. आखूड बाण खेचताना रेस्टवरून (बाण टेकायच्या जागेवरून) आत घसरतो आणि सुटला तर थेट धनुष्य धरलेल्या हातात घुसतो, म्हणून यात काटकसर नको.

आता नंबर. २८ इंचांच्या आसपासच्या बाणासाठी, बोटांवरच्या खऱ्या पाउंडांनुसार माझी सुरुवात अशी असते: २० पाउंडांपर्यंत १५१६, २२ ते २५ ला १६१६, २६ ते ३० ला १७१६, त्यापुढे ३४ पर्यंत १८१६ आणि ३५-३८ ला १९१६. बाण एक इंच लांब ठेवला तर एक पायरी ताठ घ्यायचा, कारण तीच नळी लांब असली की मऊ वागते. हा अंदाज आहे. बाणाच्या कंपनीचा तक्ता येतो तो बघूनच पैसे द्या.

पुतणीला हिशेबाने १५१६ बसत होता. मी घेतला १६१६, आणि एक सूतही न कापता साडेएकोणतीस इंचांचा तसाच ठेवला. तेराव्या वर्षी मूल दोन्हीकडून वाढतं. खेच वाढते, ताकद वाढते, आणि दोन्हींमुळे ताठ बाणाची गरज पडते. आज जरा ताठ असलेला बाण सहा महिन्यांनी बरोबर बसतो. आज बरोबर बसलेला सहा महिन्यांनी मऊ पडतो.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. आधी एका मुलाचे बारा सतरा-सोळा मी एका संध्याकाळी दीड इंच कापले होते, हौसेने, मशिनवर, कडा आरशासारख्या करून. सगळे इतके ताठ झाले की डावीकडचा बांबू हाच त्याचा नेम झाला. ते बाण पुढे दुसऱ्या, जास्त जोर लावणाऱ्या पण आखूड खेचीच्या मुलीला गेले, आणि त्याच्या वडिलांना मी नवा पुडा घेऊन दिला.

पॉइंट, नॉक, पिसं

पॉइंट नेहमी गरम करून लावायच्या गोंदाने बसवा, म्हणजे नंतर काढता येतो. पॉइंट पकडीत धरून स्पिरिटच्या दिव्यावर गरम करायचा, गोंदाची कांडी त्यावर फिरवायची आणि नळीत गोल फिरवत सारायचा. नळी ज्योतीवर धरायची नाही. ही मिश्रधातू उष्णतेची प्रक्रिया देऊन कडक केलेली असते. जास्त तापली की तिचा कडकपणा जातो आणि तो बाण पुढे पहिल्याच धडकेत वाकतो. टोकाजवळ नळीला बोट लावता येत नसेल तर तुम्ही हद्द ओलांडली आहे.

जड पॉइंट लावला की बाण मऊ वागतो, हलका लावला की ताठ. शिवाय तोल बदलतो. तोल मोजायला तयार बाण पट्टीच्या कडेवर आडवा तोलून धरा. समजा लांबी ७१० मिलिमीटर, अर्धी ३५५, आणि तोल नॉकपासून ४१२ वर साधला. ५७ ला ७१० ने भागा, ८ टक्के येतात. टारगेटसाठीच्या अ‍ॅल्युमिनियम बाणाला ७ ते ९ टक्के पुढचा तोल असला की झालं. कार्बनवाल्यांचे याहून मोठे आकडे ऐकून नळीत खिळे भरू नका. मी पाहिलंय, म्हणून सांगतोय.

नॉक दोरीवर टिक करून बसावा, पण धरून ठेवू नये. बाण दोरीला लावून धनुष्य आडवं धरा, बाण खाली लोंबू द्या आणि दोरीवर बोटाने टिचकी मारा. बाण पडला पाहिजे. टिचकीशिवाय पडला तर सैल; दोन-तीन टिचक्यांनीही नाही पडला तर घट्ट. नॉक तिरका चिकटला असेल तर पुढचं सगळं जुळवणं फुकट जातं, म्हणून चिकटवताना बाण फिरवून बघा.

पिसांचं थोडक्यात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस, तेव्हा खरी पिसं भिजून लोळतात, म्हणून बाहेर खेळायला प्लॅस्टिकच्या वेन घ्या. फक्त हॉलमध्ये १८ मीटर खेळणार असाल तर खरी पिसं उत्तम, रेस्टला घासली तरी दबतात आणि बाणाला माफ करतात. चिकटवण्याआधी नळी भांडी घासायच्या पावडरने घासून, धुऊन, वाळवून घ्या आणि मग तिथे बोट लावू नका. तिन्ही वेन जिगवर (वेन सारख्या अंतरावर धरणाऱ्या साच्यावर), नॉकपासून इंचभर पुढे. वेगळ्या रंगाची वेन धनुष्यापासून बाहेरच्या बाजूला यावी, इतकं पाहून नॉक फिरवा.

धनुष्य स्थिर नसेल तर बाणाला दोष देऊ नका

दर रविवारी दोरीची उंची बदलत असेल तर बाण कधीच जुळणार नाही. दोरीपासून ग्रिपच्या (मुठीच्या) खोल भागापर्यंतचं अंतर ६६ इंची धनुष्याला साधारण ८ ३/८ ते ८ ५/८ इंच, ६८ इंचीला साडेआठ ते पावणेनऊ. त्यात जिथे धनुष्य सर्वांत कमी आवाज करतं तिथे थांबा. दोरीला पीळ वाढवला की हे अंतर वाढतं. वरच्या लिंबचं दोरीपासूनचं अंतर खालच्यापेक्षा ३ ते ६ मिलिमीटर जास्त असू द्या.

नॉकिंग पॉइंट (दोरीवर नॉक बसवायची खूण) काटकोनापेक्षा चार सूत, म्हणजे अर्धा इंच वर बांधून सुरुवात करा. आधी दोरा गुंडाळून करा, पितळी रिंग शेवटी दाबा. मागून दोरी लिंबच्या मध्यावर धरून पाहिलं तर बाणाचं टोक दोरीच्या किंचित डावीकडे दिसावं, अर्धा ते एक सूत. प्लंजर (रेस्टपाशी बाणाला बाजूने टेकणारी स्प्रिंगची कळ) असेल तर स्प्रिंग मधल्या ताणावर ठेवा. चिकटवायची प्लॅस्टिकची रेस्ट असलेल्या पहिल्या धनुष्याला प्लंजर बसवलेला नसतो. तिथे तुमच्या हातात पॉइंटचं वजन आणि बाणाची लांबी एवढंच असतं. प्लंजर लवकर घ्या. साइटच्या (धनुष्यावर लावायच्या नेम धरण्याच्या खुणेच्या) आधी घ्या, असं माझं मत.

बिनपिसांचा बाण

इथे वेळ द्या, बाकी सगळं यासाठीच.

त्याच पुड्यातले दोन बाण पिसं न लावता ठेवायचे. पिसांच्या वजनाइतकी चिकटपट्टी त्याच जागी गुंडाळायची, म्हणजे तोल बदलत नाही. पिसं मागून धरून बाणाच्या चुका दुरुस्त करतात. ती नसली की बाण खरं बोलतो.

सुरुवात ८-१० मीटरवरून, मऊ फोमच्या बटवर (बाण झेलणाऱ्या ठोकळ्यावर). जुळवणी फार चुकली असेल तर बिनपिसांचा बाण तिरका घुसतो आणि अ‍ॅल्युमिनियम तिथेच वाकतो, म्हणून पहिल्याच दिवशी लांबून नको. साधारण सरळ घुसू लागला की १८ मीटरवर या. तीन पिसांचे आणि दोन बिनपिसांचे बाण एकाच ठिकाणी नेम धरून मारा. असं चार-पाच वेळा. एका फेरीवरून काहीही फिरवू नका. एखादा हात वाकडा सुटतोच, आणि मुलं दमली की सगळेच सुटतात. यवतेश्वरच्या डोंगराकडून वारा सुटला असेल त्या दिवशी तर पाना खिशातून काढायचाच नाही.

आधी वर-खाली बघा, डावं-उजवं नंतर. बिनपिसांचे वर लागत असतील तर नॉकिंग पॉइंट खाली आहे, तो वर घ्या. खाली लागत असतील तर उलट. एका वेळी अर्ध्या सुताहून जास्त हलवू नका. उंची जुळली, मगच बाजू.

बिनपिसांचे डावीकडे लागले तर बाण ताठ. प्लंजरची स्प्रिंग थोडी सैल करा. भागलं नाही तर जड पॉइंट, तेही नाही तर लिंबचे बोल्ट आत फिरवून धनुष्याचा जोर वाढवा, पण मुलाच्या खांद्याला झेपेल इतकाच. उजवीकडे लागले तर बाण मऊ: स्प्रिंग घट्ट, मग हलका पॉइंट, बोल्ट बाहेर. कापणं यादीत सर्वांत शेवटी. दर वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. स्प्रिंग आणि पॉइंट एकदम बदलले तर कशाने सुधारलं हे कुणालाच कळत नाही.

किती जवळ आले म्हणजे झालं? नवशिक्याला १८ मीटरवर वीतभर अंतर खूप आहे, चार बोटं असली तर मी पाना ठेवून देतो. ज्याचे पिसांचेच बाण वीतभर पसरतात, त्याचे बिनपिसांचे एका भोकात आणायचा अट्टहास व्यर्थ. आधी त्याचा हात बसू दे.

पुतणीचे १६१६ पहिल्या दिवशी दीड वीत डावीकडे. अपेक्षितच होतं. स्प्रिंग जवळजवळ पूर्ण सैल केली, जड पॉइंट लावला, तेव्हा वीतभराच्या आत आणून मी सोडून दिलं. पिसांचे बाण ठीक जात होते. सात महिन्यांनी तिची खेच सत्तावीस झाली, बोटांवर २२ पाउंड आले, आणि बिनपिसांचे आपणहून शेजारी येऊन बसले. मी फक्त स्प्रिंग परत मधे आणली.

एवढं करूनही बाण उडताना शेपूट हलवत असेल तर वेन रेस्टला घासतायत का बघा. रेस्टवर आणि प्लंजरभोवती घरातली टाल्कम पावडर शिंपडा, दोन बाण मारा आणि पावडरीवर कुठे ओरखडा उठला ते पाहा. नॉक थोडा फिरवून बरेचदा भागतं.

रोजची देखभाल

बाण दोन नखांच्या टोकांवर आडवा ठेवून फिरवा. सरळ असेल तर गुळगुळीत फिरतो, वाकला असेल तर नखाला थरथर लागते. माझ्याकडे व्ही-ब्लॉक आणि डायल आहे म्हणून मी तिथे लावतो. चार-पाच थाऊच्या आतला वाक सरावाला चालवून घेतो, त्यापुढचा बाजूला. हलका वाक बाण सरळ करायच्या यंत्रावर निघतो. चिमटा बसलेला, सुरकुती पडलेला किंवा नॉकजवळ भेगलेला बाण सरळ करायचा नाही, मोडून टाकायचा, म्हणजे कुणी चुकून उचलणार नाही.

बटमधून काढताना एक हात बटवर, दुसरा बाणाला बटजवळच धरून सरळ मागे. वर-खाली हलवत काढणारी पोरं आठवड्यात पुडा वाकवतात. आणि काढणाऱ्याच्या मागे कुणी उभं नको. नॉक डोळ्याच्या उंचीला येतो.

प्रत्येक बाणावर क्रमांक घाला. महिनाभर कुठला क्रमांक कुठे लागला ते लिहा. चार नंबर नेहमी बाहेर जात असेल तर दोष मुलाचा नाही. नॉक बदला, तरीही जात असेल तर चार नंबर बाजूला ठेवा.

कापायची वेळ आलीच तर

चौदाव्या वर्षी पुतणीला नवे लिंब लागले, बोटांवर २६ पाउंड झाले आणि बिनपिसांचे बाण उजवीकडे गेले. स्प्रिंग घट्ट केली, पॉइंट हलका केला, तरी चार बोटांहून जास्त राहिलं. तेव्हा कापले. आधी फक्त दोन बिनपिसांचे, दोन सूत. मारून बघितले. अजून दोन सूत. अर्धा इंच गेल्यावर जवळ आले, मग उरलेले सगळे तेवढेच. खेच साडेसत्तावीस, बाण एकोणतीस. सुरक्षित अंतर शिल्लक होतं. ते शिल्लक नसतं तर १७१६ घ्यायला लागले असते.

प्लंबरचा चाकवाला पाइप कटर वापरू नका, तो नळीचं तोंड आत दाबतो आणि मग पॉइंट जात नाही. करवत तर नाहीच. पातळ अ‍ॅब्रेसिव्ह चाक, जोरात फिरणारं, आणि बाण हाताने सावकाश गोल फिरवत कापायचा, डोळ्याला चष्मा. कडेची आतली बर (कापल्यावर उठलेली धार) काढा, बाहेरची अगदी हलकी. तोंड काटकोनात आहे का ते फिरवून बघा, नाहीतर पॉइंट तिरका बसतो.

स्पर्धेला जाणार असाल तर एका फेरीतले सगळे बाण एकसारखे हवेत, वेन आणि नॉकच्या रंगासकट, आणि प्रत्येक नळीवर तिरंदाजाचं नाव किंवा आद्याक्षरं हवीत. हॉलमधल्या १८ मीटरला काहीजण मुद्दाम जाड २३१४ वापरतात, कारण रेषेला बाण टेकला तरी वरचे गुण मिळतात. नियमात नळीची मर्यादा ९.३ मिलिमीटर आहे, २३ चौसष्टांश भरतात ९.१३. पण ती ताठ नळी जोरदार धनुष्याची. वीस पाउंडांच्या पोराला ती देऊ नका. त्याच्या सोळा-सोळावर पर्मनंट मार्करने आद्याक्षरं घाला, वर पारदर्शक टेप लावा आणि मैदानावर पाठवा.